मिशीवाली मातामाय

रुख्माबाईनं खराटा उचलला अन् अंकुशच्या पाठीत हाणला. दुसरा हाणाच्या आधी त्याची छन्नी हिसकून नालीत फेकली.

“मले काऊन मारतं वं बुढे? मी तं रोजीवर आलो!”

“रोजी पायजे तं आपल्या घरची भित खरवड! मायच्या आंगाले हात लावतं, मुडद्या?”

गावच्या वेशीत निंबाखाली ही मातामाय. पिढ्यान् पिढ्या शेंदूर अन् तेल लावू लावू इतकी फुगली होती, का नाक नाई, तोंड नाई, नुसता लाल गोया. लेकराले गोवर निंघाला का बाया दहीभात घेऊन येत, तिच्या आंगावर थंड पाणी टाकत अन् तेच पाणी लेकराच्या कपायाले लावत. सासू मेल्यावर झाडझूड, शेंदूर, सारं रुख्माबाईच पाहे. तिले कोणी सांगतलं नव्हतं, अन् कोणाची सांगाची हिंमतबी नव्हती.

अठ्ठ्याण्णवमंदी गजेंद्र पंचायतीत निवडून आला अन् त्याले गावाचा इतिहास चढला, जशी दारू चढते. वर्ध्याहून एक सर आणला. सर म्हणे, शेंदराच्या आत कोरीव काम दिसते. लढाईत मेलेल्या मर्दाचा दगड असंन, वीरगळ म्हणते त्याले. म्हणून गजेंद्रनं शेंदूर खरवडाले अंकुशले रोजीवर लावला.

चौघाईनं रुख्माबाईले दंडाले धरलं. अंकुशनं नालीतली छन्नी काढली अन् पुन्हा लागला. शेंदराची खोळ भदकन खाली आली.

आत घोडा. घोड्यावर माणूस. हातात तलवार अन् वठावर ह्या मोठ्या मिशा.

गजेंद्र हासला.

“घे रुख्माबाई! तुही माय तं बाप निंघाला!”

झालं, सारा गाव हासला. ज्याईच्या पोराईसाठी तिनं पाणी वाह्यलं तेच हासले. अण्णाजी किराणावाला तं पोट धरून. “माय दाढी कुठी करते वं, वर्ध्याले?”

रुख्माबाईनं दंड सोडवले. “मिशा तं तुह्या बापालेबी हायत, गज्या. त्यानं कोणाचा ताप उतरवला, सांग! तुले गोवर झालता तवा तुही माय इथीच लोयत होती. इचार तिले!”

गजेंद्रचं हासू गेलं. “ट्रॅक्टर आणा रे. दगड पंचायतीत जाईन. इथून रोड रुंद होऊन राह्यला.”

पंचायतीत दगड सिमेंटात बसवला, भवताल जाळी लावली, बोर्ड ठोकला. पाणी टाकणं मना. वेशीत निंबाखाली खड्डा राह्यला. रुख्माबाई रोज त्या खड्ड्याजवळ जाऊन बसे. येणारा जाणारा म्हणे, “बुढे, बापाले भेटाले पंचायतीत जाय ना!” रुख्माबाई थुके. पंचायतीत तिनं पाय टाकला नाई.

चैतात गोवर आला. घरोघरी लेकरं तापानं फणफणली. बाया पंचायतीच्या जाळीपाशी जात, बोर्ड पाहत, अन् दहीभात तसाच घेऊन वापस येत. रुख्माबाईजवळ खड्ड्याशिवाय काई नव्हतं.

अन् एका सकायी खड्ड्यात दगड होता. काया, गुयगुयीत, नाल्यातला. तिनं कोणाले इचारलं नाई. तेलात शेंदूर कालवला अन् थापला. दुपारपर्यंत बायाईची लाईन लागली.

गजेंद्र आला, पाय उगारूनच.

“कोणं आणला हा गोटा?”

“ते सोताच आली. मार लाथ! मार ना, पाहू दे साऱ्याईले!”

तापलेली लेकरं खांद्यावर घेऊन बाया त्याच्याकडं पाहत होत्या. पाय खाली आला. पण डोयातलं जहर नाई गेलं. त्यानं आळ अंकुशवर घेतला अन् पंचायतीची त्याची रोजी तोडली. मंग तो अन् रुख्माबाई जितराबासारखे भांडले. गजेंद्र मरेपर्यंत रुख्माबाईशी बोलणार नाई म्हणे. रुख्माबाईनं तं त्याच्या दारावरून जाणंच सोडलं. दोन हजार चारमंदी ते मेली, तवाबी तो मातीले आला नाई.

गोटा कोणं आणला हे कळाले अजून दोन-तीन वर्षं गेली. गजेंद्रच्या बायकोनं, सुरभीनं आणलता. नाल्यावरून, टोपल्यात वल्या धुण्याखाली झाकून. तवा तिच्या पोरीले गोवर निंघालता.