घरापुरता कोल्हा

आमच्याकडं जपानात, कोबेत, पोरगी बालवाडीत घालायची म्हणजे आईनं पिशव्या शिवायच्या. बुटांची एक, डब्याची एक, पुस्तकांची एक, मापं शाळेनंच लिहून दिलेली. विकतची नको असं कुणी म्हणत नाही, पण सगळ्यांच्या हातच्याच असतात, मग आपल्याच लेकीला विकतची कशी द्यायची. मी दहावीच्या पुढं गेले नाही, जपानी बाजारहाटापुरतं येतं, पण शिवण येतं. मिरजेला शिवणक्लासच्या बाई पुस्तकातलं फूल द्यायच्या, आम्ही ते ट्रेसिंग पेपरनं कापडावर उतरवायचो, आणि जिचं हुबेहूब तिची पाठ थोपटायच्या. तेच हातात बसलेलं.

लायब्ररीतनं आणलेल्या चित्रांच्या पुस्तकात एक कोल्हा होता. धुक्यात बसलेला, शेपूट पायाभोवती गुंडाळून, डोळे अर्धे मिटून. मी तो जाड लोकरी कापडातनं कापला आणि निळ्या पिशवीवर शिवायला घेतला. आमचं घर टेकडीवर, दुपारी खिडकीतनं खाली समुद्र दिसायचा, बोटी हलतायत का उभ्या आहेत कळायचं नाही, आणि मी शेपटीला टाके घालत बसायची, टाके घालता घालता वाटायचं मीच त्या धुक्यात बसलेय, इथं कुणी काही विचारत नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. इतकं शांत मला ह्या देशात आल्यापासनं कधी वाटलं नव्हतं.

बाकीच्या आयांना पिशवी फार आवडली. बालवाडीच्या बाजारात मांडायला शिवाल का म्हणाल्या, मी हरखून सात शिवल्या, त्यातल्या चार गेल्या. आणि मग लेकीच्या टीचरनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मोठ्या वर्गातल्या एका मुलाची आई चित्रकार आहे, ह्याच टेकडीवर राहते, आणि पुस्तकातला हा कोल्हा तिचा आहे. तिला तुम्हाला भेटायचंय.

घरी ह्यांनी मोबाईलवर वाचून दाखवलं, अमेरिकेत फेअर यूज म्हणून काही असतं, थोडं घेतलेलं चालतं, पण इथं तसं सरसकट नाही, इथं घरापुरतं केलं तर चालतं, विकायला मांडलं की नाही. ह्यांचा व्हिसा कंपनीचा, आमचा ह्यांच्यावर. मला तर डोळ्यांपुढं विमानतळच दिसायला लागला, लेकीचा हात धरून रांगेत उभी मी, पाठीला कोल्ह्याची पिशवी. इथं वीस वर्षं काढलेल्या एक ताई आहेत, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या मिठाईचा चांगला बांधलेला डबा ने, वाक, आणि कारणं सांगू नकोस.

गेले. बोलायला लेकच बरोबर, पाच वर्षांची. चित्रकार बाई माझ्याहून थोडी मोठी, बोटांना रंग. मी दारातच इतकी वाकले की डबा हातातनं सुटता सुटता राहिला. तिनं आत घेतलं, चहा दिला आणि बोलायला लागली, मी आपली लेकीच्या तोंडाकडं बघतेय.

"काय म्हणते?"

"ती रागावली नाहीये," लेक म्हणाली, "पण ती हसत पण नाहीये."

टेबलासमोरच्या भिंतीवर कोल्ह्यांचे फोटो टाचलेले, दुसऱ्यांनी काढलेले. म्हणजे ही पण बघूनच काढते, मला जरा धीर आला. मी फोटोंकडं बोट केलं. तिला कळलं, आणि मग ती बराच वेळ सांगत राहिली, लेक तुकड्या-तुकड्यानं मराठीत आणत राहिली. बघतात सगळेच. ती पाच-दहा फोटो बघते, मग भिंतीकडं पाठ करून काढते. तरी एखाद्या फोटोतला कोल्हा जसाच्या तसा उतरला, तर ज्यानं तो काढला त्याला पत्र लिहून विचारते. तिच्या ओळखीतला एक चित्रकार कात्रणं चिकटवून चित्रं करतो, तो कुणालाच विचारत नाही, त्यावरनं दोघांची भांडणं होतात. कुठवर चालतं ते तिलाही दरवेळी कळत नाही. कळलं नाही की विचारायचं, तिचं एवढंच.

"तुझी बॅग चालेल म्हणते," लेक म्हणाली. "घरची आहे म्हणून. विकल्या त्या पण राहू देत, पोरं रडतील. पण तू आधी विचारलं का नाहीस म्हणते."

का नाही विचारलं. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी त्या दारापर्यंत गेले नसते, मी डॉक्टरलासुद्धा दुखतंय कुठं ते ह्यांना सांगायला लावते. पण बाई वाट बघत होती, आणि लेकीचं तोंड बिस्किटानं भरलेलं. मग मीच माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, तीन पिशव्या राहिल्यात, पुढच्या बाजारात मांडू का.

"नाही," ती म्हणाली. आणि पहिल्यांदा हसली.

मी पण हसले, कशी काय कोण जाणे. कुणी नाही म्हणालं की मी आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नाही, आणि इथं नकार घेऊन टेकडी उतरताना पाय हलके, उन्हात सगळं पांढरं झालेलं, लेक पुढं उड्या मारत.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही कोल्हे उसवले. एक पिशवी उलटी करून खिडकीशी धरली तर सुईच्या भोकांतनं उजेड येत होता, ठिपक्या-ठिपक्यांची शेपूट, कान, सगळा कोल्हा उजेडाचा बसलेला. मी कितीतरी वेळ ती तशीच धरून उभी. मग भीती वाटली. हा पण तिचाच की काय.

पुढच्या सकाळी बालवाडीच्या फाटकाशी चित्रकार बाई दिसली. लेक केव्हाच आत पळालेली. मी पिशवी उन्हात वर धरून दाखवली आणि विचारलं, हे चालेल का. ती पिशवी हातात घेऊन खूप वेळ बघत राहिली, मागनं, पुढनं, परत मागनं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला दोन दिवस दे."

म्हणून मी थांबलेय.