चोपन्न किलो

ह्यांनी मला वजन विचारलं तेव्हा मी ओट्यापाशी चपात्या लाटत होते, बाजूला सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई. उद्या विमानात कोण किती किलोचं बसणार ते कॅप्टन साहेबांना कळवायचं होतं. मी म्हटलं, चोपन्न.

तो आकडा मला पाठ होता. पोरीच्या वेळेला दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या कार्डावर नर्सनं पहिला तोच लिहिला होता. मग पोरगी झाली, अडीच वर्षांची झाली, मी परत काट्यावर चढलेच नाही. पण ब्लाऊज उसवून उसवून आतली शिवण संपली होती, म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही.

जाऊबाई फिसकन हसल्या. "चोपन्न? एकच पाय ठेवलावतास काय काट्यावर?"

मी आणखी जोरात म्हटलं, "चोपन्नच." ह्यांनी कागदावर लिहून घेतलं. पोरीचं बारा लिहिलं, तेही मीच अंदाजानं सांगितलं.

आमचे हे छोट्या विमानांचे मेकॅनिक. भुईगावहून रोज जुहूच्या विमानतळावर जातात. त्या वेळेला धुळ्याकडं एक विमान बंद पडलं होतं, ते बघायला ह्यांना चार सीटच्या विमानातून न्यायचं होतं. चालवणारे कॅप्टन साहेब, वयस्कर माणूस, ह्यांच्यावर फार जीव. तेच म्हणाले, मागच्या दोन सीटा रिकाम्याच जाणार, वहिनींचं माहेर तिकडंच ना, घेऊन या. विमानाच्या मालकालाही विचारलं होतं. सामान मात्र आठ किलो, वर एक किलोसुद्धा नको, हे ह्यांनी मला दोनदा सांगितलं.

सकाळी हे आंघोळीला गेले आणि सासूबाई आल्या. हातात तांदळाची पिशवी, दोन नारळ.

"आई, ते ओरडतील. आठच किलो सांगितलंय."

"म्हायेरी रिकाम्या हातानं जाशील आनि तुजी आय काय बोलंल? आमच्या घरात खायाला नाय?"

आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आधी मीच आत सुके बोंबील कोंबले होते, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत घट्ट बांधून, वास येऊ नये म्हणून. वर पानात बांधलेली सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी. माझ्या आईला बोंबलाची चटणी फार आवडते, तिकडं चांगले मिळत नाहीत. ह्यांनी बॅग उचलली तेव्हा थांबले. माझ्याकडं बघितलं. "एवढंच ना?" मी म्हटलं, "पोरीचे कपडे आहेत, स्वेटर घेतलाय." गाडी आली होती, उशीर होत होता, ते बॅग घेऊन निघाले.

ऑक्टोबरचे दिवस, सकाळी ऊन लख्ख. विमान उडालं तेव्हा मी डोळेच मिटले होते. साहेबांचा आवाज आला, "आज जरा जड उठलं." ह्यांनी मान हलवली. मी डोळे उघडले तर खाली खाडी, मिठागरं, पलीकडं पापडीच्या वाड्यांचं हिरवं, मग कामणच्या गोदामांचे निळे पत्रे. पोरगी काचेला नाक लावून "आपलं घर, आपलं घर" करत होती, कुठलंही छप्पर दिसलं की. तेवढाच वेळ मला बरं वाटलं असेल.

घाट ओलांडला आणि समोर ढग उभे. मी तोपर्यंत ढग वर असतात असंच बघितलेलं, हे समोर उभे होते भिंतीसारखे, खालून काळे. साहेब रेडिओवर बोलत होते, इंग्लिशमध्ये, मला कळत नव्हतं पण आवाज बदललेला कळत होता. विमान एकदम खाली गेलं. परत वर, परत खाली, पोरगी माझ्या अंगावर ओकली, मी तिला इतकी आवळून धरली की ती रडायची पण थांबली. मी सारखी विचारत होते, "अहो, अहो, काय झालं?" आणि हे मागे न बघता हात मागे करून माझा गुडघा दाबत होते.

साहेबांनी विमान मागे वळवलं तर घाटावरही ढगांनी मिटून आलेलं. शेवटी त्यांनी विमान बाजूला काढलं आणि एका साखर कारखान्याजवळच्या धावपट्टीवर उतरवलं. छोटी पट्टी, नुकतीच सर येऊन गेलेली, ओली. चाकं टेकली तरी विमान थांबेना. पळतंय, पळतंय, समोरचा ऊस जवळ येतोय. पट्टी संपायला चार पावलं राहिली असतील तेव्हा थांबलं.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "ब्रेक कधी बघितले होते?"

"काल, सर. मीच बघितले."

"नीट?"

ह्यांना असं कोणी विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. खाली उतरून हे तसेच चिखलात आडवे झाले, चाकाखाली टॉर्च मारून बघायला लागले. हे बघितलं, ते बघितलं, नट सोडला, परत लावला. पाऊस पडून गेलेला, गार वारा, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. ज्या माणसानं कधी दुसऱ्याच्या हाताला आपला पाना लागू दिला नाही, तो तिथं पडून स्वतःची चूक शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती.

मी पोरीला कडेवर घेऊन उभी.

तासाभरानं आभाळ जरा उघडलं. साहेबांनी आपला कागद काढला. "इथून उडायचं तर पट्टी छोटी आहे, हिशेबात बसायला पाहिजे." ते वाचायला लागले. आधी स्वतःचं वजन, मग ह्यांचं, मग "वहिनी चोपन्न, मुलगी बारा, सामान आठ."

सांगितलं तर ह्यांची मान खाली जाणार, साहेबांसमोर. नाही सांगितलं तर पोरगी परत माझ्या मांडीवर आणि समोर तो ऊस.

मी म्हटलं, "साहेब, चोपन्न नाही."

हे चाकापाशी बसलेले, त्यांनी वर बघितलं.

"आणि सामान पण आठ नाही. त्यात बोंबील आहेत. तांदूळ आहे. नारळ आहेत." एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं.

कारखान्याच्या वॉचमनच्या खोलीमागे खताच्या गोण्या तोलायचा काटा होता. साहेबांनी एकेकाला त्यावर चढवलं, स्वतःलासुद्धा. मी सदुसष्ट भरले. पोरगी चौदा. बॅग एकोणीस. साहेबांनी जुने आकडे खोडले, नवे लिहिले, बेरीज केली आणि बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

"वहिनी, उतरताना लांब गेलो ते जास्त करून ओल्या पट्टीमुळं. पण मी हाच कागद धरून इथून उडालो असतो ना, तर..." त्यांनी उसाकडं बघितलं.

ठरलं असं की ते दोघंच उडणार, मी आणि पोरगी एसटीनं जाणार. साहेब लांब गेल्यावर हे माझ्याजवळ आले.

"मला तरी सांगायचंस."

"जाऊबाई हसत होत्या."

"मग नंतर सांगायचंस. गाडीत सांगायचंस. मी तिथं चिखलात झोपलो होतो तेव्हा तरी."

ह्यांनी पोरीच्या गालाचा पापा घेतला, हाताला ग्रीस होतं म्हणून तिला हात न लावता, आणि गेले.

मी पट्टीच्या कडेला उभी राहून बघितलं. दोनच माणसं आत, बॅग माझ्या पायाशी. विमान पळायला लागलं. अर्धी पट्टी गेली, चाकं खालीच. मी पोरीचं तोंड खांद्यात दाबलं. अगदी शेवटाला चाकं सुटली, उसाचे शेंडे वाऱ्यानं आडवे झाले, आणि ते वर गेलं. आमच्याशिवाय. मी तिथंच खाली बसले. पोरगी म्हणाली, "बाबा गेले," आणि टाटा करत राहिली.

वॉचमनच्या बायकोनं बॅग डोक्यावर घेऊन मला रस्त्यापर्यंत सोडलं. तांदूळ मी तिलाच दिला. संध्याकाळी माहेरी पोचले तर हे आधीच दारातल्या ओट्यावर बसलेले. आईनं चटणी केली, ह्यांनी खाल्ली, चांगली झालीय म्हणाले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघांनीही घरी कोणाला एक शब्द सांगितला नाही. सासूबाईंना अजून माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी कपडे भिजवताना ह्यांच्या खिशातून एक चिठ्ठी निघाली, कामाची यादी. त्यात ब्रेक दोनदा लिहिलेले. मला वाटलं चुकून लिहिलं असेल. संध्याकाळी विचारलं.

"चुकून नाही," हे म्हणाले. "एकदा बघतो. मग परत बघतो."

"पण त्या दिवशी ब्रेकमध्ये काहीच नव्हतं ना?"

"नव्हतं," म्हणाले, आणि चहा घेतला. "तरी बघतो."