पेटी दाराआड, मुलगी बाहेर

इंदूबाई काल कोल्हापुरात वारल्या, आणि आज अख्ख्या मालवणाला त्यांचा पुळका आलाय.

सकाळपासून ग्रुपवर वाचतेय. "स्वरसाधिका." "मालवणची कोकिळा." "आमच्या मातीचं भूषण."

एका महाभागाने हार घातलेला फोटो टाकलाय. तो बाईंचा नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचा आहे. खाली शंभर हात जोडलेले.

माझी चुलतबहीण शालू हिचा फोन आला. "तू लिव गो. माका ता फेसबुक जमणा नाय. आणि गोड गोड लिवू नको."

नाही लिहिणार.

पन्नासच्या दशकाचा शेवट. मी बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात, फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी. बाईंचा गाण्याचा वर्ग आमच्या घरामागे, त्यांच्या भाड्याच्या खोलीपुढच्या पडवीत. अंगणभर आमसुलं वाळत घातलेली, त्यांच्या कडेकडेने आत जायचं.

बाईंचा नवरा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. गावाच्या भाषेत बाई "टाकलेली". जशी काय फुटकी घागर.

हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं नाही. लग्नाला नाही. बारशाला नाही.

पण मे महिना आला की त्याच घरांतल्या आया मुलींना घेऊन बाईंच्या दारात.

कारण मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी यायचे आणि मुली बघायचे. बघताना विचारायचे, "गाणं येतं का?" म्हणून एक गाणं हवं. एकच. पाहुण्यांपुढे म्हणण्यापुरतं. लग्न ठरलं की गाणं संपलं. मेमध्ये पडवी भरलेली, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत अर्धी रिकामी. दर वर्षी.

बाई चिडायच्या. पण त्या वर्षी त्या खूश होत्या. कारण शालू.

शालूचा आवाज असा, की ती गायला लागली की शेजारची कांडणारी बाई मुसळ थांबवायची. मॅट्रिक झाली होती. आणखी दोन वर्षं बाईंकडे शिकून संगीताची परीक्षा द्यायची, मग बाईंच्याच वर्गात शिकवायचं, असं दोघींनी ठरवलं होतं.

शालूचे वडील, म्हणजे आमचे नानाकाका, बाईंना म्हणाले, "दोन वर्षं कसली? एक गाणं बसवा, पुरे."

बाई म्हणाल्या, "मग ग्रामोफोनची तबकडी आणा, नाना. तीही एकच गाणं म्हणते."

नानांनी ऐकलं नाही. देवगडची माणसं मुलगी बघायला आली. मुलगा मुंबईत नोकरीला.

आता पेटी कोण वाजवणार? गल्लीत बाईंशिवाय कोणाला येत नव्हती. आणि नवऱ्याने सोडलेली बाई वरपक्षासमोर? अपशकुन!

मग आमच्या घरच्या हुशार मंडळींनी काय केलं?

बाईंना पेटीसकट माजघरात बसवलं. दार लोटून घेतलं. शालू बाहेर गाणार, बाई आतून वाजवणार.

बाई आल्या. शालूसाठी आल्या. दाराआड बसून अशी साथ केली, की शालूचा सूर एकदाही हलला नाही.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तेव्हा मुलाची आई विचारत होती, "पेटी काय सुरेख वाजली हो! कोण होतं?"

नानाकाकांनी डोळ्याची पापणी न हलवता माझ्याकडे बोट केलं. "ही आमची पुतणी. कॉन्व्हेंटमध्ये असते."

"मग बस की गं. आमच्यासमोर वाजव."

मला पेटीची पांढरी पट्टी आणि काळी पट्टी, एवढाच फरक कळायचा.

शालू तोवर रेडिओवरच्यासारखं शुद्ध बोलत होती. ती एकदम फुटली. "तिका खंय येता? बाई वाजवतत! त्यांका आत बसवल्यानी!"

बाईंना बाहेर बोलावलं गेलं. त्या आल्या, नमस्कार करून बसल्या.

मुलाच्या आईने विचारलं, "तुमचे यजमान कुठे असतात?"

"मुंबईत," बाई म्हणाल्या. "गिरगावात. दुसऱ्या बायकोबरोबर."

पोहे तसेच राहिले.

दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी जुळली होती. मध्येच ग्रहांनी घरं बदलली असावीत.

आणि गावाने खापर कोणावर फोडलं? खोटं बोलणाऱ्या नानांवर? छे! पाणवठ्यावर बायका म्हणत होत्या, "तिच्या पायगुणान जुळलेला लगीन मोडला."

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंच्या पडवीत एकही मुलगी आली नाही. शालूला तर घराबाहेर पडायलाच बंदी.

आमचं बोर्डिंग उशिरा उघडायचं. मी गेले. बाईंनी नेहमीसारख्या सगळ्या चटया अंथरल्या होत्या.

माझा गळा कावळ्याचा. बाईंना ते माहीत होतं.

"बस गो," त्या म्हणाल्या. "सा लाव."

पूर्ण तासभर शिकवलं. एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही.

तो महिना संपायच्या आत खोली सोडून त्या कोल्हापूरला बहिणीकडे गेल्या. कोणी थांबवलं नाही. शालूला पुढच्या मेमध्ये दुसऱ्या घरी दिली. तिथे तिला गायला कोणी सांगितलंच नाही.

आता म्हणे बाईंच्या नावाने संगीत सभा भरवणार. समई, हार, भाषणं. प्रमुख पाहुणी म्हणून मला विचारणारा मेसेजही आलाय. त्याच घरातल्या नातवाचा, जिथल्या बायका पाणवठ्यावर बोलत होत्या.

नाही येणार. शालूही येणार नाही.

बाई, त्या जूनमध्ये न आलेलं गाव आज तुमच्या नावाने गोळा झालंय. तुमच्या वतीने मीच सांगते त्यांना.

वर्ग सुटला. घरी जा.

तुम्हाला शालूचा आणि माझा शेवटचा नमस्कार, बाई.