न जमलेला चौकोन

इंदुमावशींच्या घरात एकही वस्तू उघडी नव्हती. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रिजच्या मुठीला क्रोशाचा मोजा, मिक्सरला झगा आणि गॅसच्या सिलिंडरला घेरदार परकर. पाहुणा फार वेळ बसला तर त्यालाही विणून झाकतील, असं वाटायचं. अंजनगाव सुर्जीत त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. काका वारल्यापासून त्या एकट्याच राहत. दिवसभर ओट्यावर बसून हातानं सुई चालवत आणि तोंडानं गल्ली. कोणी नवी साडी नेसून निघालं की म्हणत, "छान आहे वं. दुकानदाराचं भलं केलं तू."

त्यांचा खरा मान होता तो एका टेबलक्लॉथमुळे. बशीएवढे चौकोन विणून, एकमेकांना जोडून त्यांनी तो केला होता. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध लाल फूल आणि भोवती पांढरी चौकट. एकाच चौकोनात फूल हिरवं होतं, कारण तिथं लाल दोरा संपला होता. कोणी विचारलं तर मावशी म्हणत, "बाकीच्यायले नजर लागू नये मनून ठेवलं."

गल्लीत कुठल्याही मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की हा टेबलक्लॉथ त्या घरी जायचा. पाहुण्यांसमोर तो टेबलावर पसरायचा आणि मुलीच्या आईनं सहज सांगितल्यासारखं सांगायचं, "हे सारं आमच्या पोरीनंच विनलं." पाहुणे मान डोलवत. लग्न झाल्यावर एकाही सासूनं टेबलक्लॉथ मागितल्याचं मी ऐकलं नाही. भाकरी किती पातळ होते, एवढंच सगळ्या पाहत. मावशी टेबलक्लॉथ आनंदानं देत, पण एक अट घालत. मुलीनं निदान एक चौकोन शिकायचा. "खोटं बोलायचं तं बोला," त्या म्हणत, "पन पोरीले सुई कुठून धरतात ते तं माहीत पाहिजे."

मी बारावी झाले तेव्हा माझी पाळी आली. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मला चांगले गुण पडले, सगळ्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरात घरच्यांनी माझं लग्न काढलं. मला अमरावतीच्या कॉलेजात जायचं होतं. ते मी सांगितलंही होतं. आई म्हणाली, "जाशील न. नवरा पाठवंन." मुलगा अकोल्याचा होता, मोबाइलचं दुकान होतं त्याचं. आईनं टेबलक्लॉथ सांगून ठेवला आणि मला मावशींच्या ओट्यावर पाठवलं.

चौकोन सोपा असतो, असं ज्यांना येतो ते म्हणतात. आधी साखळी घालून तिचं गोल कडं करायचं. मग त्यात खांब घालायचे, म्हणजे सुईवर दोरा घेऊन उभे टाके. चारही कोपऱ्यांत जास्तीचे खांब घातले की गोलाचा चौकोन होतो. मी कोपरे विसरायची. विणत गेलं की कडा वर उचलल्या जायच्या.

"हे काय आहे?" मावशींनी माझं काम तळहातावर ठेवलं. "वाटी? कढी वाढू का यात?"

दुसऱ्या दिवशी मी सगळीकडेच जास्तीचे खांब घातले. त्याला झालर आली. मावशींनी ते निरखून पाहिलं.

"शाळेत भूमिती होती न तुले?"

"दहावीपर्यंत होती."

"हाव. त्याच्यापुढं नसंनच."

एकदा उसवता उसवता मला रडू आलं. मी म्हटलं, "मावशी, मला हे नाही करायचं. मला शिकायचंय." त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, दोरा ओढून सरसर उसवून टाकली आणि विचारलं, "पाहुने कोनाकडले आहेत म्हने?" मी नाव सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग सुई परत माझ्या हातात दिली.

पाहुणे आले. नवरदेव, त्याचे वडील आणि त्याची आत्या. नवरदेव मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, दुकानाचं काम घरी आणत असावा. टेबलक्लॉथ पसरलेला होता. आईनं नेहमीचं वाक्य म्हटलं. आत्याबाई वाकल्या, कापडाचा कोपरा उलटून गाठी पाहिल्या आणि म्हणाल्या, "थांबा. हे मी पाहेल आहे. मागच्या महिन्यात परतवाड्याले. हे हिरवं फूलबी होतं. तिथली पोरगीबी मने मीच विनलं."

"तसंच दुसरं असंन," आई कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन इंदुमावशी बाहेर आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"आनि ह्या बाईबी तिथंच होत्या!" आत्याबाई ओरडल्या.

"हाव, मीच," मावशी बशा ठेवत म्हणाल्या. "ओळखलं तुमी, बरं वाटलं. लोकं पोहे खातात अन् मानूस विसरतात. ते परतवाड्याची माही भाची. अन् कपडा माहा. ह्या पोरीच्या नुसत्या वाट्या होऊन राहिल्या. आनू का, पाहता?"

"म्हंजे तुमी आमाले फसवून राहिले?"

"तुमाले कोन फसवंन बाई? तुमी तं गाठ उलटून पाहता."

पाहुणे उठून गेले. पोहे मात्र संपवून गेले. आई दारात उभी राहून म्हणाली, "ताई, वैर होतं तं सांगाचं होतं." मावशींनी टेबलक्लॉथची शांतपणे घडी घातली. "पोह्यात मीठ कमी होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंच गेले असतील."

संध्याकाळी बाबा त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. "वहिनी, आता हिचं काय करावं?"

"काय करता आता? विनकाम येत नाही, नाव अकोल्यापर्यंत गेलं. शिकवा. दुसरा इलाज नाही."

डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध घ्यावं, तसं बाबांनी ते मनावर घेतलं. त्याच महिन्यात अमरावतीला माझा प्रवेश झाला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती मला चौकोन जमला नाही म्हणून. आज अकोल्याच्या शाळेत मी मुलांना भूमितीच शिकवते.

आईनं मात्र मावशींशी बोलणं टाकलं. टेबलक्लॉथची गोष्ट गावभर झाली आणि तो मागायला पुन्हा कोणी गेलं नाही. पाठोपाठ बायकांनी ओट्यावर बसणंही सोडलं. सुट्टीत मी घरी जायची तेव्हा मावशी एकट्याच विणत बसलेल्या दिसायच्या.

त्या गेल्या, त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "मावशी, तेच लोक परतवाड्याला येऊन गेले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"तुह्या तोंडून नाव ऐकलं तवाच कळलं. माह्या भाचीनं पुढं शिकतो म्हटलं तं ते आत्या अशी हसली, जसं पोरीनं विमानच मागितलं."

"मग टेबलक्लॉथ दिला कशाला?"

"तुही माय इतकी गोड बोलून राहिली होती. नाही कसं म्हनू?"

"आणि नंतर कोणी तुमच्याकडे फिरकलं नाही."

"बरं झालं. चहापत्ती वाचली."

मी उठले. बस गाठायची होती. मावशींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"इतकी काहून घाई करतं?" त्या म्हणाल्या. "बस न जराशीक. चहा टाकतो."