आवडाबाईने पढवलेली साक्ष

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आवडाबाईबद्दल दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, "बाई सोन्यासारखी." दुसरं, "पण तिच्यामुळंच भावाचं घर मोडलं." ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलणाऱ्यांचा मला फार राग येतो. मी तिच्या घराच्या अगदी वरच्याच मजल्यावर राहते. त्या घरातली भांडणं मी ऐकलीत, हसणंही ऐकलंय. तेव्हा जे झालं ते मीच सांगते.

आवडाबाई कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातली. लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही, आणि नवऱ्याने दुसरी बायको आणायचं ठरवलं. गावात बैठक बसली. दोन्हीकडची मोठी माणसं, सतरंजी, चहा. तिचे वडील बोलले, मामा बोलले, सासरा बोलला. तिला कुणी काही विचारलं नाही. फैसला असा झाला की पोरीला माहेरी न्यावं आणि लग्नातली भांडी परत द्यावीत. भांडी आली. त्यातल्याच परातीत ती अजून रोज भाकरी थापते. मला ती परात बघवत नाही, तिला मात्र त्याचं काही वाटत नाही.

हे सगळं तिने मला मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. वर म्हणाली, "त्याच दिशी आणखी एका बाईचा तंटा होता, ताई. तिला बी टाकायलेच होते. पण तिचं पोरगं भर बैठकीत रडलं, मला माय पायजे म्हनून. मंग पंचांनी नवऱ्याला असा झाडला, की त्यानं तिला तिथूनच नांदायला नेलं. माझ्याकडून बोलायला लेकरूच नव्हतं."

आईवडील गेले. धाकटा भाऊ सुदर्शन वाळूजच्या कंपनीत लागला आणि आक्काला इथे शहरात घेऊन आला. आक्काने त्याचे डबे केले, आक्कानेच सोयगावची मुलगी पाहून त्याचं लग्न लावलं. दीपमाला तिचं नाव. बी. कॉम. झालेली, एका खाजगी दवाखान्यात हिशेब बघायची. तिला वाईट म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या जागी चार दिवस राहून बघावं. दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघर नणंदेचं, नवऱ्याचा डबा नणंदेचा. राजनंदिनी झाली, तर दीपमाला कामावरून येईपर्यंत तीही नणंदेच्या मांडीवर झोपलेली. नंदू पहिल्यांदा "मम्मी" म्हणाली ती आत्यालाच. आवडाबाईने घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "मी आत्या हाय गं, आत्या म्हन." दीपमाला दारातच उभी होती. एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "काकू, आक्कांमध्ये वाईट काय आहे ते मला सांगताच येत नाही. वाईट असत्या तर बरं झालं असतं."

तिचं म्हणणं एवढंच, की वेगळं बिऱ्हाड करू, आक्कांना जवळच एक खोली घेऊन देऊ. सुदर्शनचं म्हणणं, "एकदा टाकलेलीच हाय ती. मी बी टाकू का?" दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण काही मिटेना. आवडाबाई स्वतः कन्नडला जाऊन राहायला निघाली, तर भावाने तिची पिशवी हिसकावून घेतली. शेवटी दीपमालाला पुण्यात नोकरी मिळाली. बस्तान बसलं की नंदूला न्यायचं, असं ठरवून ती गेली. बस्तान बसलं, पण सुदर्शन मुलगी देईना. प्रकरण कोर्टात गेलं.

त्या काळात नंदू आत्याजवळच वाढली. शाळेची वेणी, ताप, पडलेले दात, सगळं आत्याकडे. आवडाबाईचा जीव त्या पोरीत असा गुंतला होता, की नंदू शाळेतून यायच्या आधीच ती जिन्यात येऊन उभी राहायची. आणि तरी हिची इच्छा काय, तर दीपमालाने परत नांदायला यावं. "लेकराला माय पायजे, ताई. माझं काय, मी गॅलरीत झोपीन."

एक दिवस निरोप आला की कोर्टाला मुलीशी एकटीशी बोलायचंय. आवडाबाईला कोर्टाची धास्ती, म्हणून सोबतीला मी गेले. नंदूच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. बाकावर बसल्याबसल्या आत्या तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती आणि नंदू मान हलवत होती. मला वाटलं, घाबरू नको म्हणत असेल.

नंदू आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. मग वकिलांना आत बोलावून तिचं म्हणणं सांगितलं गेलं; सुदर्शनचा वकील बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने सुदर्शनला बाजूला घेऊन सांगितलं, ते आम्हालाही ऐकू आलं. मुलगी स्पष्ट म्हणाली होती, "मला मम्मीकडं जायचंय. मम्मीशिवाय मला करमत नाय. मला जेवन जात नाय."

सुदर्शन भिंतीला टेकला. आवडाबाईचं तोंड मात्र उजळलं. तिने पदर सारखा केला आणि समोरच्या बाकावरच्या दीपमालाकडे बघत राहिली. दीपमाला उठली, रडत रडत आली आणि तिने नंदूला उराशी धरलं. आवडाबाई म्हणाली, "चल गं दीपमाला, आता घरी चल. मी सकाळीच पुरन शिजवून ठेवलंय."

दीपमाला गोंधळली. "घरी? आक्का, मी हिला न्यायला आलेय."

परत येताना क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला अडकली, तेव्हा आवडाबाईच्याच तोंडून मला सगळं कळलं. आत्याने नंदूकडून ती वाक्यं पाठ करून घेतली होती. आईसमोर लेकरू असं बोललं, की आईचं काळीज पाघळतं, मोठी माणसं दोघांना समजावतात आणि बाई नांदायला येते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी भडकलेच. "अहो आवडाबाई, ती बैठक नव्हती! कोर्ट मुलीला विचारतं ते मुलीचं ठरवायला. भावजयीला नांदायला धाडायला नाही."

"मंग मला कुनी सांगितलं का नाय?" ती म्हणाली.

कोण सांगणार? वकील सुदर्शनशी बोलायचा आणि सुदर्शन कुणाशीच बोलायचा नाही.

घरी येऊन तिने भावाला आपणहून सांगून टाकलं. तो दुसऱ्या पाळीला निघाला होता, बुटाची लेस बांधत होता. "आक्का, तू शिकवलं?" "व्हय." त्याने दुसऱ्या बुटाची लेस बांधली आणि गेला. त्याने आरडाओरड केली असती तर तिला रडता तरी आलं असतं. त्या दिवसापासून त्या घरात भांडण नाही आणि बोलणंही नाही. वकिलामार्फत सगळं कोर्टाला सांगता आलं असतं. मी तसं सुचवलंही. आवडाबाई म्हणाली, "लेकराला पुन्हा तिथं उभं करू? पहिलं खोटं होतं म्हनून सांगायला लावू?" सुदर्शनलाही ते जमलं नाही.

निकाल आला. मुलगी आईकडे, अर्ध्या सुट्ट्या बापाकडे. निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. आई चांगली आहे, कमावती आहे, मुलीसाठी झुरत होती. पण त्या मुलीच्या मनात खरंच काय होतं, ते कुणालाच कळलं नाही. आणि आत्याला सुट्टीतलाही वाटा नव्हता. तिला जे काही मिळणार ते भावाच्या वाट्यातलं.

दिवाळीत दीपमाला नंदूला सोडायला आली. आवडाबाईने मला खाली बोलावलं, एकटीला धीर होत नसावा. नंदू उंच झाली होती. केस कापलेले, बोलणं शुद्ध. चप्पल नीट कोपऱ्यात ठेवून ती पाटावर बसली. दीपमाला आक्कांच्या पाया पडून स्वतःच्या भावाकडे मुक्कामाला गेली. सुदर्शन बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसला होता. आवडाबाईने पोरीसाठी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले होते, वर तूप सोडलं, आणि तिच्यासमोर बसून पाठीवरून हात फिरवत विचारलं, "नंदू, पुण्याला करमतं का गं तुला? आत्याची आठवन येती का?"

साधा प्रश्न. कुठलीही आत्या विचारेल असा.

नंदूने हातातला घास ताटात ठेवला. आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आत्याच्या कानाशी वाकून तिने हळूच विचारलं, "आत्या, काय सांगायचं?"

बाहेर पेपरचा आवाज थांबला. आवडाबाईचा हात पोरीच्या पाठीवर होता तिथेच राहिला. मला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "काय नाय, बाळा. काय बी सांगायचं नाय. तू जेव."

"बरं," नंदू म्हणाली आणि मान खाली घालून मुकाट्याने जेवू लागली. शेंगोळे आवडले का, हे आम्ही तिला विचारलं नाही.