संपाच्या दिवशी रिकामा राहिलेला बेड

मंडळी, आज दिवाळीच्या पाडव्यालाही मला ड्यूटी होती. मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात डायलिसिसची सिस्टर आहे. आमच्या पेशंटना सणातही खाडा करून चालत नाही.

आटपाडीकडचे तानाजीकाका आणि काकू एक दिवसाआड पहाटेच्या एसटीनं येतात. एसटीचा संप सुरू झालाय हे मला कालपासून माहीत होतं. पण नऊ वाजता काकांचा बेड रिकामा दिसला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

फोन लावला. काकू म्हणाल्या, "आवं सिस्टर, सहापासनं फाट्यावर हाय. एक गाडी थांबंना. ह्यास्नी लय दम लागलाय."

अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, वेळ लागेल. पुढचे तीन तास मी काम करत होते, पण कान लिफ्टकडे होते.

बारा वाजता दोघं आले, दुधाच्या टेम्पोतून. काकांचे पाय सुजलेले, धड बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच मशीनवर घेतलं. चारच्या सुमारास त्यांचा श्वास जरा सरळ झाला.

"घाबरलीस व्हय गं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, पण त्यांचं बीपी पुन्हा एकदा मोजलं.

माझा सख्खा भाऊ कंडक्टर आहे, तोही संपावर आहे. त्याच्या मागण्या मला पटतात. उद्या भाऊबीजेला त्याला काय बोलू?

आणि परवा काकांना पुन्हा यायचंय. आटपाडीहून सकाळी सांगलीला कुणाची गाडी येणार आहे का? माणसं दोनच आहेत.