दुसऱ्या सुईआधीचा प्रश्न

काल मुलाला सुई देताना स्पिरिटचा वास आला आणि १९५२ सालातली देवासची एक दुपार आठवली. घरातल्या खोलीत आई, निमोनियाने आजारी धाकटी बहीण कुसुम, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि मी, असे चौघे होतो.

पेनिसिलिनची पहिली सुई आदल्या दिवशी झाली होती. दुसरीसाठी पिचकारी उकळत ठेवून नर्सबाईंनी विचारलं, “माँजी, तापाची गोळी रिकाम्या पोटी तर नाही ना दिली?”

“दूध पाजूनच दिली.”

“और कल की सुई के बाद अंगावर काही उठलं?”

आई गप्प राहिली. पहाटे कुसुमच्या अंगावर पुरळ दिसलं, तेव्हा देवी आली असं तिने धरलं होतं, आणि आमच्याकडे देवीला रोग म्हणत नाहीत. पण उशाशी ठेवलेला कडुलिंबाचा डहाळा बाईंना दिसला. त्यांनी चादर उचलून पाहिलं.

“ये माता नहीं, दवा का असर है. आता सुई दिली तर श्वास अडकेल.”

“माता म्हणा की दवा म्हणा, सुई नको ना?”

“नको. डॉक्टरसाहेबांना विचारून पेनिसिलिनऐवजी सल्फाच्या गोळ्या आणते. त्यांच्यावर पाणी मात्र भरपूर पाजा.”

आईच्या मौनाने कुसुमचा जीव जाणार होता आणि तिच्याच डहाळ्याने तो वाचला.

कुसुम बरी झाल्यावर नर्सबाईंनी पैसे घेतले नाहीत. आईने शीतलामातेला गार नैवेद्य दाखवला आणि नर्सबाईंना घरी बोलावून त्यांची खणानारळाने ओटी भरली.